गॅलरीला नाव कुणाचं

सौंसरच्या संत्रानगरी फुटबॉल क्लबाला मैदानाच्या कडेला सिमेंटची गॅलरी बांधून मिळाली, तेव्हा सगळ्यांनी घटकाभर आनंद मानून आपापल्या घरी जायला हवं होतं. गॅलरी म्हणजे तरी काय? चार-पाच पायऱ्या आणि वर पत्रे. पत्रे इतके आखूड, की दुपारी पायरीवर बसलेला माणूस चटका लागून बसल्याबरोबर ओरडून उठायचा. पण आपल्याकडे सार्वजनिक संडास सोडला, तर बांधून झालेल्या कुठल्याही वस्तूला नाव लागतं. नाव म्हटलं की वाद आलाच, आणि वाद आला की ती वस्तू मुळात कशासाठी बांधली हे कुणाच्या लक्षात राहत नाही. या गॅलरीवर बसून अजून कुणी एक मॅच पाहिली नव्हती, पण तिच्यापायी एका घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं होतं.

नाव द्यायची कल्पना मधुकर गजभियेची. ही गोष्ट पुढे सगळे विसरले. फक्त त्याची बायको विसरली नाही, कारण असल्या गोष्टी लक्षात ठेवायला घरात कुणीतरी लागतंच.

मधुकर विजेच्या ऑफिसात बाबू होता. तो निवृत्तीला आला होता आणि त्याचे गुडघे त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. पण एके काळी तो क्लबाचा सेंटर फॉरवर्ड होता. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत कुठल्याही मैदानावर तो गोलासमोरच्या डीमध्ये शिरला, की समोरच्या बॅकला एकच उपाय सुचायचा, तो म्हणजे त्याला आडवा पाडणं. त्याच्या दोन्ही नडग्यांवर त्या काळाच्या खुणा अजून होत्या. उन्हाळ्यात लुंगी लावून अंगणात बसला की येणाराजाणारा त्या पाहायचा आणि ‘काय झालं होतं भाऊ, कुत्रं चावलं का?’ म्हणून विचारायचा. आपण कोण होतो हे मैदानावर कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढीच आता मधुकरची इच्छा होती. अक्षरं छोटी असती तरी त्याला चाललं असतं.

पण आपलं नाव आपण कसं सुचवायचं? सभ्य माणसाची इथेच पंचाईत होते. म्हणून मधुकरनं ऑफिसात बसून बरेच दिवस एक वाक्य घडवलं, आणि क्लबाची बैठक भरली तेव्हा उभं राहून ते सोडलं. ‘माहं म्हणणं असं हाय, का गॅलरीले आपल्या क्लबाच्या आधुनिक इतिहासातल्या सर्वोत्कृष्ट स्ट्रायकरचं नाव द्यावं.’

या वाक्यातला एकही शब्द उगाच आलेला नव्हता. ‘स्ट्रायकर’ अशासाठी, की क्लबाचा गाजलेला गोलकीपर हा अध्यक्ष हेमराजचा साळा होता. आणि ‘आधुनिक’ अशासाठी, की कवडूकाका अजून हयात होते. कवडूकाका मधुकरच्या आधीच्या पिढीतले. त्यांनी जुन्या काळात गोलांची नुसती रास घातली होती आणि बैठकीला ते सर्वांच्या आधी येऊन बसत.

बैठक हेमराजच्या शेडमध्ये होती. हेमराज संत्र्याचा व्यापारी. हंगाम संपला होता, त्यामुळे सगळे रिकामे क्रेट उलटे करून त्यावर बसले होते. हेमराजनं मान डोलावली. त्याला कुठल्याही वादात मान डोलावता यायची, म्हणून तर तो इतकी वर्षं अध्यक्ष होता. कवडूकाका मात्र क्रेटवरून उठले.

‘हे आधुनिक कधीपासून सुरू झालं म्हणतो मी?’

कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणालं, मैदानातली बाभूळ तोडली तेव्हापासून. कुणी म्हणालं, नागपूरची बस मैदानाजवळ थांबायला लागली तेव्हापासून. शेवटी विनोदनं तोडगा काढला. ‘ज्या दिवशी आपल्या अकराच्या अकरा जणांच्या पायात बूट आले, त्या दिवशी आपला क्लब आधुनिक झाला. सिंपल हाय.’

‘मंग मी काय रामायणातला हाय का बे?’ कवडूकाका ओरडले. ‘अनवाणी खेळलो तं डायरेक्ट पुराणात?’

पण बूट सर्वांना पटला. त्या शेडमध्ये बसलेला प्रत्येक जण बूट घालून खेळलेला होता, त्यामुळे इतिहासाचा निकाल एका फटक्यात लागला. कवडूकाका ‘पाहून घेईन एकेकाले’ म्हणत पुन्हा क्रेटवर बसले.

आता या विनोदबद्दल सांगायला पाहिजे. विनोद मधुकरच्याच जोडीला फॉरवर्ड खेळायचा. आता त्याचा प्लॉट विकायचा धंदा होता आणि बोलणं त्याच धंद्यातलं होतं. पांढुर्ण्याविरुद्ध त्यानं एकदा लांबून एक गोल मारला होता. मारला होता, यात शंका नाही. पण दरवर्षी पोळ्याच्या सुमारास तो गोल पुन्हा सांगितला जायचा आणि दरवर्षी तो आणखी थोडा लांबून मारलेला असायचा. अलीकडे तर विनोद जिथे उभा होता म्हणून सांगत, तिथे त्या काळी कापसाचं शेत होतं.

‘लोकांच्या ध्यानात कोण हाय, ते पाहा,’ विनोद म्हणाला. ‘स्ट्रायकर मंजे ध्यानात राहते तो.’

हेमराजनं यावरही मान डोलावली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला.

मधुकर घरी आला तो अस्वस्थ. शेजारी गुणवंता गुरुजी राहायचे. त्यांना शिकवण्यापेक्षा सल्ला देण्याची हौस जास्त. कुंपणावर कोपर टेकवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘मधुकरभाऊ, तुमी चुकून राहिले,’ गुरुजी म्हणाले. ‘आपलं नाव आपण घ्यायचंच नसते. दुसऱ्यानं घ्यावं लागते. अन् दुसरा तोंड उघडते कधी? त्याच्या तोंडात काही गेलं तं!’

‘मतलब?’

‘मतलब चहा पाजा. भजे चारा. मी हाय ना! मी घेतो तुमचं नाव.’

पुढचा पंधरवडा मधुकरच्या ओट्यावर चहा आणि भजी चालू होती. क्लबातले सगळे येऊन गेले. प्रत्येक जण भजी खायचा, ‘तुमच्यासारखा खेळाडू होणे नाही’ म्हणायचा आणि मग आपल्या पोराचं वीजमीटर बदलायचं काम काढायचा. शकुंतला, म्हणजे मधुकरची बायको, कढईसमोरून उठली की एकच प्रश्न विचारायची. ‘हे तुमचं नाव घेऊन राहिले का आपलं तेल संपवून राहिले?’

दुसऱ्या बैठकीला गुणवंता गुरुजी खरोखर उठले. मधुकरनं मान खाली घातली, कारण आपलं कौतुक चालू असताना माणसानं खाली पाहावं असं त्याला वाटायचं. गुरुजींनी ग्रीसपासून सुरुवात केली. ग्रीसहून ते इंग्लंडला आले, इंग्लंडहून कलकत्त्याला, आणि कलकत्त्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले, एवढ्यात हेमराजच्या घरून कोथिंबिरीच्या गरम सांभारवड्यांचं ताट आणि कढीचा वाडगा आला. गुरुजी म्हणाले, ‘थोडक्यात काय, तं खेळ महत्त्वाचा,’ आणि ताटाजवळ जाऊन बसले. मधुकरनं मान वर केली, तेव्हा कढीचा वाडगा त्याच्यापुढून पुढे गेला होता.

शेवटी कुणीतरी म्हणालं की, भांडत काय बसायचं, ज्याचे गोल जास्त तो मोठा. मधुकरला हायसं वाटलं. गोल त्याचेच जास्त होते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तेवढ्यात विनोद सांभारवडी चावता चावता अगदी सहज म्हणाला, ‘पेनल्टीचे सोडून ना?’

हेमराजनं मान डोलावली.

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. फार पूर्वी, पेनल्टी कुणी मारायची यावरून क्लबात इतकी मारामारी झाली होती, की एकाचं डोकं फुटलं होतं. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी मग कायमचा नियम केला. पेनल्टीचा गोल कुणाही माणसाचा नाही. तो जामसांवलीच्या मारुतीचा. गोल झाला की कॅप्टननं शनिवारी जामसांवलीला जाऊन नारळ फोडायचा. मात्र पेनल्टी हुकली, तर ती देवावर ढकलायची नाही. हुकली ती मारणाऱ्याची. नियम झाला आणि भांडण एका दिवसात मिटलं. भांडण तर मिटलं, पण पेनल्टी मारायलाही कुणी पुढे येईना. झाला तर नाव नाही, हुकला तर शिव्या, असलं काम कोण अंगावर घेणार? तेव्हा कॅप्टननं चेंडू मधुकरच्या हातात दिला होता. त्याच्याच हातात का, हे कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. तो तरुण होता, त्याला नुसता चेंडू हवा होता.

त्याची एकही पेनल्टी कधी हुकली नाही. डीमध्ये तो शिरायचा, लाथा तो खायचा, धुळीतून उठून गोलही तोच मारायचा, आणि शनिवारी नारळ दुसरा कुणी फोडायचा. ते गोल वजा केल्यावर मधुकरकडे जे उरत होतं, ते विनोदपेक्षा थोडं कमी भरत होतं.

‘पण मारले तं मीच ना?’ मधुकर म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

‘मारले तुमीच भाऊ, कोण नाही म्हणते?’ विनोद म्हणाला. ‘पण हायत मारुतीचे. आता देवाचे गोल परत मांगता का तुमी?’

सगळे हसले. मधुकरही थोडा हसला, आणि हे हसणं त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं.

तरीही विनोदचं नाव काही पक्कं झालं नाही. कवडूकाका बूट काढून हातात घेऊन बसले होते आणि विनोदचं नाव निघालं की बूट वर धरत होते. तेव्हा हेमराज म्हणाला, आधी नगरपालिकेत विचारून तर येऊ.

नगरपालिकेत हे काम चंचल मॅडमकडे होतं. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि समोर उभ्या असलेल्या चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

‘यातले स्ट्रायकर कोण?’

मधुकर आणि विनोद दोघंही पुढे सरकले.

‘मंग नाही होत. जिवंत माणसाचं नाव देता येत नाही.’

‘मतलब?’ हेमराजनं विचारलं.

‘मतलब माणूस गेलेला पाहिजे. गेल्याचा दाखला जोडा, मंग फाईल पुढं सरकते.’

मग नकळत तिघांचीही नजर कवडूकाकांकडे वळली.

‘माह्याकडं कायले पाहता बे?’ काका कडाडले. ‘बूट नव्हता तवा प्राचीन झालो, अन् मरायच्या टायमाले आधुनिक?’

घरी हे ऐकून शकुंतला म्हणाली, ‘तुमी घाई नका करू बरं. गॅलरीसाठी कोणी मरत नसते.’ मधुकरला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर, आपण गेल्यानंतर का होईना नाव लागेल, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याला थोडं बरंही वाटलं.

तिसऱ्या बैठकीत हेमराजनं मान डोलावण्याचं सोडून पहिल्यांदा स्वतःचं मत मांडलं. ‘मी विचार केला. आपल्या क्लबात सर्वात जास्त गोल कोणाचे? पेनल्टीचे सगळे मोजले, तं मारुतीचे. जिवंत माणसाचा प्रॉब्लेम नाही. भांडण नाही. अन् देवाच्या नावाले कोण नाही म्हणते?’

शेडमध्ये एकदम उजेड पडावा तसे सगळ्यांचे चेहरे झाले. विनोदनं तर ‘वा अध्यक्षसाहेब!’ म्हणून मांडीवर थाप मारली. त्याला स्वतःचं नाव लागलं नाही याचं दुःख, मधुकरचं लागलं नाही या आनंदात भरून निघालं होतं. कवडूकाका हात जोडून पुटपुटले, ‘मले बूट नव्हते म्हणून काढलं. अन् मारुतीच्या पायात कोणता बूट हाय?’ पण ते अगदी हळू पुटपुटले आणि लगेच त्यांनी हात वर केला.

कारण हेमराजनं हात वर करायला सांगितले होते. एकेक करत सगळे हात वर गेले. आता सगळे मधुकरकडे पाहत होते. मारुतीबद्दल मधुकरच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्या बिचाऱ्यानं कधी कुणाकडे गोल मागितला नव्हता. पण हात खाली राहिला असता, तर गोलांचं कुणी बोललं नसतं. उद्या चौकात वेगळंच बोलणं झालं असतं. गजभियेनं देवाच्या नावाला हात वर केला नाही, तो त्या बौद्ध वस्तीतला, त्याच्याकडून दुसरं काय होणार, असं. हे त्याला माहीत होतं, तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि सगळे थांबले होते. मधुकरनं हात वर केला.

‘सर्वानुमते!’ हेमराज म्हणाला.

चंचल मॅडमनी तरी अडवावं, अशी मधुकरला शेवटची आशा होती. त्यांनी अडवलंही. मारुती चिरंजीव आहे, म्हणजे एका अर्थी जिवंतच, असा मुद्दा त्यांनी काढला. त्यावर फाईल वर गेली, वरून शेरा आला की देव ही व्यक्ती धरू नये, आणि काम झालं.

त्या संध्याकाळी शकुंतलानं मधुकरला जेवायला वाढलं आणि समोर बसली.

‘तुमाले पेनल्टी काऊन देत होते, माहीत हाय?’

‘चांगला मारत होतो म्हणून.’

‘नाही. तुमी काही म्हणणार नाही म्हणून. दुसऱ्या कोणाचा गोल असा काढून घेतला असता, तं त्यानं क्लब डोक्यावर घेतला असता. तुमी गुपचूप देऊन आले. अन् आज हातबी वर करून आले.’

‘मंग काय करत?’ मधुकर चिडला. ‘सगळ्यांसमोर भांडू?’

‘मी काही भांडा म्हटलं नाही,’ शकुंतला म्हणाली. ‘जेवा.’

तो जेवला नाही. तिच्यावर रागावून उठला, कारण खरं बोललेलं माणूस समोर बसलेलं असलं की घास उतरत नाही. दोन दिवस त्यानं तिच्याशी अबोला धरला. तिनं तो धरू दिला.

उद्घाटनाला मोठा मांडव पडला. सौंसर आणि पांढुर्णा यांच्या जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला होता. गॅलरीच्या कपाळावर शेंदरी अक्षरांत लिहिलं होतं: ‘श्री जामसांवली मारुती प्रेक्षक गॅलरी’. त्याखाली: ‘क्लबाच्या आधुनिक इतिहासातील सर्वोत्कृष्ट स्ट्रायकर’. मधुकरनं घडवलेलं वाक्य होतं ते, अक्षरही बदललेलं नव्हतं. मधुकर येणार नव्हता. पण न आलेला माणूस सर्वांच्या डोळ्यांवर येतो, म्हणून आला. गुडघ्याला पट्टे बांधून मैदानातही उतरला.

विनोद खेळत नव्हता. त्यानं माईक धरला होता. त्याची कॉमेंट्री बाजारापर्यंत ऐकू जात होती. मैदानात सगळीच पोटं आणि टकलं धावत होती आणि गोल काही होत नव्हता. शेवटी शेवटी मधुकर चेंडू घेऊन डीमध्ये शिरला. पांढुर्ण्याच्या बॅकनं त्याला बोटही लावलं नाही, पण गुडघ्यानं दगा दिला आणि मधुकर आडवा झाला. रेफ्रीनं शिट्टी फुंकली. पाहुण्यांसमोर यजमानांचा एक तरी गोल व्हावा, एवढा समंजसपणा त्याच्याकडे होता.

‘पेनल्टीऽऽ!’ विनोद माईकवर ओरडला. ‘अन् आता आपल्या सर्वोत्कृष्ट स्ट्रायकरच्या नावावर आज, त्याच्याच गॅलरीसमोर, अजून एक गोल! बोला, जय बजरंगबली!’

गॅलरी बोलली. कॅप्टननं न विचारता चेंडू मधुकरच्या हातात दिला, पूर्वी द्यायचा तसाच. मधुकरनं तो ठेवला. पांढुर्ण्याचा गोलकीपर साठीचा होता आणि घाबरून एका खांबाला चिकटून उभा होता. सगळा गोल उघडा पडला होता. डोळे मिटून मारला असता तरी आत गेला असता.

मधुकर दोन पावलं धावला आणि त्यानं चेंडू बाहेर मारला. चुकून नव्हे. शरीरातली उरलीसुरली सगळी ताकद लावून, नीट नेम धरून, खांबापासून चांगला चार हात लांब मारला. चेंडू मांडवात जाऊन पडला. मधुकरची आयुष्यातली ती पहिली हुकलेली पेनल्टी. हा तरी कुणाला दिला नाही, असं त्याला वाटलं, आणि इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं इतकं मोकळं वाटलं.

‘हुकली!’ माईक गरजला. ‘पेनल्टी हुकली! मधुकर गजभिये! हुकवणारा मधुकर गजभिये!’ सगळ्या बाजारानं त्याचं नाव ऐकलं. कर्ण्यातून ते दोनदा घुमलं.

‘होते मधुकरभाऊ, वय झालं,’ गुणवंता गुरुजी पाण्याची बाटली घेऊन धावत आले.

‘मी मुद्दाम मारला बाहेर.’

‘हो ना, हो ना,’ गुरुजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. ‘आमी सगळ्यायले तसंच सांगू.’

मागे कवडूकाका कुणालातरी सांगत होते, की पेनल्टी मारणं याच्या आवाक्यातलं कधीच नव्हतं, तेव्हाही मारुतीच आत ढकलून देत होता. ऐकणारे माना डोलावत होते. ते त्यांना पटत होतं. मधुकरनं मारलेला प्रत्येक गोल, या एका चेंडूसरशी, आता खरोखरच देवाचा झाला. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो मैदानाच्या मधोमध उभा होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं टाळ्या ऐकू आल्या. एकटीच्याच. शकुंतला गॅलरीच्या वरच्या पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

‘वहिनी, गोल नाही झाला!’ विनोद माईकवरून म्हणाला. ‘बसा, बसा!’

मारुतीची गॅलरी खदाखदा हसली. पाहुणेही हसले. मधुकरनं मान वर करून बायकोकडे पाहिलं. तिनं बसावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

‘माहीत हाय मले,’ शकुंतला म्हणाली, आणि टाळ्या वाजवतच राहिली.